कानसेनाची बायको

त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाता येत नव्हतं, एखादं वाद्य वाजवता येत नव्हतं, शीळ घालायला गेला तर नुसती हवा निघायची. पण ऐकायला बसला की घराला आग लागली तरी उठणार नाही, असं त्याची बायको म्हणायची. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो नोकरीला होता. दिवसभर पोलादी दोर आणि ग्रीस यांच्यात काढून घरी यायचा, कोपरापर्यंत हात घासून धुवायचा, चहा घ्यायचा आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटायचा.

"मला सवत आहे," ती शेजारणींना सांगायची. "पण गुणी आहे बिचारी. जेवायला मागत नाही, धुणं टाकत नाही."

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढे गिऱ्हाइकं आरशात बघून फ्रेम निवडायची आणि मागच्या खोलीत ही काच चाकावर घासून त्या फ्रेमच्या मापाची करायची. चाकावर सतत पाण्याची धार, कानात सतत किर्र आवाज, आणि बोटं कायमची सुरकुतलेली. घरी आल्यावर तिला फक्त शांतता हवी असायची. गाण्याचं तिला वावडं होतं असं नाही. पण एका घरात दोन वेडे परवडत नाहीत. एकाने डोळे मिटून बसायचं तर दुसऱ्याने दुधाकडे बघायला हवं ना.

आतल्या खोलीत भिंतभर सीडी होत्या. हार्ड डिस्क लहान असायच्या त्या काळात त्याने त्या सगळ्या एमपीथ्री करून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. मग वय वाढलं तसं ते त्याला खुपायला लागलं. सगळं पुन्हा लॉसलेसमध्ये उतरवायचं, म्हणजे सीडीत जे आहे त्यातलं तसूभरही गाळायचं नाही, असं त्याने मनावर घेतलं. "रिटायर झालो की नीट ऐकणार आहे," म्हणायचा.

"मग आत्तापर्यंत काय वाकडं ऐकत होतात?"

यावर तो नुसता हसायचा.

ते काम अर्ध्यावर आलं होतं, रिटायर होऊन जेमतेम एक ऋतू उलटला होता, आणि एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातला रेझर बेसिनमध्ये पडला. ती धावत गेली तेव्हा तो आरशासमोर उभा होता, एका गालावर साबण, तोंड एका बाजूला ओघळलेलं, आणि नजरेत नुसतं आश्चर्य.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मेंदूची फिल्म उजेडात धरून दाखवली. दोन ठिकाणी डाग होते. डावीकडे मोठा, उजवीकडे त्याहून बराच लहान.

"मोठ्या डागाने वाचा गेली आहे आणि उजवी बाजू," डॉक्टर म्हणाले.

"आणि लहानाने?"

"लहानाने काय केलंय ते अजून दिसत नाही. कदाचित काहीच नसेल."

तो घरी आला तो एका शब्दासकट. बाकी सगळी भाषा गेली, फक्त "बरं" राहिलं. तहान लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, लेकीचा परगावाहून फोन आला की बरं-बरं-बरं. रागावला की तोच शब्द टेबलावर मूठ आपटून. समोरच्याचं त्याला बरंचसं कळायचं, वाचून मात्र काही कळत नव्हतं, आणि लिहायचा हातच गेला होता. भेटायला येणाऱ्यांना ती म्हणायची, "सगळा संसार झाला, माझ्या एका म्हणण्याला कधी बरं म्हटलं नाही माणसाने. आता बघा कसा सरळ झालाय." लोक हसायचे, तीही हसायची, आणि मग कुणी कुणाकडे बघायचं ते कळायचं नाही.

त्याचा एक जुना मित्र होता, टेपवाला. टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं होतं, नाव तेवढं चिकटून राहिलं होतं. दोघं वर्षानुवर्षं रविवारी आतल्या खोलीत एकत्र ऐकत बसायचे. आता तो आला की खुर्चीच्या काठावर बसून टोपी हातात फिरवत राहायचा. एकदा त्याला सुचलं.

"वहिनी, याचं औषध भिंतीवर मांडून ठेवलंय आणि आपण मेडिकलच्या दुकानाचे उंबरठे झिजवतोय. याला गाणी ऐकवा!"

तिला ते एकदम पटलं. आपल्याला हे आधी का सुचलं नाही म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. लेकीने नवा प्लेयर आणि कानभर बसणारे मोठे हेडफोन पाठवले. ती त्याच्यासमोर वाकली. "अहो, लावू का?"

"बरं," तो म्हणाला.

तिने हेडफोन चढवले, बटण दाबलं. मग त्याचे डोळे बारीक झाले, कपाळ आक्रसलं आणि त्याने डाव्या हाताने हेडफोन ओढून मांडीवर टाकले. तिने पुन्हा चढवले. त्याने पुन्हा काढले. लहान मूल औषध थुंकतं तसंच हे, असं तिला वाटलं.

टेपवाल्याने प्लेयरच्या पडद्यावर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, हा एमपीथ्री लावलात तुम्ही! मग बरोबर आहे. वाचा गेली म्हणून कान थोडाच गेलाय? याला उष्टं चालत नाही."

"म्हणजे काय ते मला समजावून सांगा."

टेपवाल्याला सांगायला आवडायचं. एमपीथ्री करताना, त्याने सांगितलं, माणसाला ऐकू येणार नाहीत असे वाटणारे बारीक बारीक आवाज कॉम्प्युटर काढून टाकतो, म्हणून फाइल लहान होते. लॉसलेसमध्ये काढत काही नाही, फक्त घडी घालतो. घडी मोडली की कापड जसंच्या तसं.

"म्हणजे एकात काच घासलेली आहे आणि दुसऱ्यात नाही," ती म्हणाली. "घासून गेलेली काच परत येत नाही."

"वहिनी, तुम्हाला तर सगळं कळलं की!"

त्या दिवसापासून ती कामाला लागली. सकाळी दुकानात जायची, तेवढ्या वेळापुरती सांभाळायला एक बाई यायची. दुपारी परत आली की त्याला खाऊ घालून ती आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसायची. पहिल्यांदा तिने वेव्ह नावाच्या फाइली केल्या, कारण टेपवाला म्हणाला होता की त्या सगळ्यात शुद्ध. त्या जागाही भरमसाट खायच्या आणि प्लेयरवर कुणाचंच नाव दिसायचं नाही, नुसता 'ट्रॅक एक, ट्रॅक दोन'. मग फ्लॅक नावाची लॉसलेस पद्धत बरी असं ठरलं. आवाज तितकाच पूर्ण, जागा निम्मी, आणि गाणाऱ्याचं नाव फाइलीबरोबर राहतं. त्याने स्वतः आजारपणाआधी केलेल्या फाइली दुसऱ्याच एका लॉसलेस पद्धतीच्या होत्या, नवा प्लेयर त्यांना ओळखच देईना. त्या बदलताना तिचा जीव टांगणीला लागला होता.

"यातून काही जाणार नाही ना?" तिने फोन करून विचारलं.

"एका डब्यातली साखर दुसऱ्या डब्यात," टेपवाला म्हणाला. "सांडत नाही."

मग तिला हुरूप आला आणि तिने जुन्या सगळ्या एमपीथ्री एका फटक्यात फ्लॅक करून टाकल्या. फाइली चांगल्या टम्म फुगल्या. रविवारी तिने अभिमानाने दाखवल्या तर टेपवाल्याने डोक्याला हात लावला. "दुधात पाणी घालून दूध वाढवलंत की हो! फाइल मोठी झाली, गेलेलं कुठून येणार? यांच्या सीडी काढा आणि पहिल्यापासून उतरवा."

तिने त्या सगळ्या पुसल्या आणि पहिल्यापासून उतरवायला घेतल्या. ओरखडे पडलेल्या सीडी ती दुकानातून आणलेल्या मऊ कापडाने मधून कडेकडे पुसायची. एखादी सीडी वाचताना कॉम्प्युटर अडायचा, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत राहायचा, आणि ती त्याच्यापुढे बसून "जा बाई, जा पुढे" म्हणायची. हेडफोन तो अजूनही काढून टाकायचा. कानाला रुतत असतील, असं ठरवून तिने त्याचे जुने स्पीकर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना मांडले, तो स्वतः मांडायचा तसेच, थोडे आत वळवून. चाकाच्या खुर्चीला ब्रेक लावला. स्पीकर काही कानावरून काढता येत नाहीत.

त्या दिवशी तो रडला. पहिल्या सुरालाच त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तोंड वाकडं झालं आणि तो "बरं, बरं, बरं" म्हणत राहिला.

टेपवाल्याचेही डोळे भरले. "बघितलंत? पोहोचलं! शेवटी पोहोचलं!"

ती स्वयंपाकघरात गेली आणि पदराने डोळे पुसले. आपल्या हातून आयुष्यात एक काम धड झालं असं तिला वाटलं. लेकीला फोन करून तिने सांगितलं, "बाबा रडले गं गाणं ऐकून." लेकही फोनवर रडली.

मग रोजचा नेम झाला. दुपारचा चहा झाला की ती विचारायची, "लावू का?" आणि दिवे लागेपर्यंत गाणी चालू ठेवायची. तो रडायचा. कधी डोकं हलवायचा, कधी डोळे घट्ट मिटून घ्यायचा. तल्लीन झालेत, ती म्हणायची. एकदा त्याने डाव्या हाताने स्पीकर ढकलून पाडला, तेव्हा दुसऱ्या सकाळी सांभाळणारी बाई म्हणाली की या दुखण्यात माणसाचा हातावर ताबा राहत नाही. तिने स्पीकर हात पोहोचणार नाही एवढा लांब ठेवला आणि लांब गेला म्हणून आवाज थोडा वाढवला.

वाचा शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाईंकडे नंबर लागायला बरेच महिने गेले. शेवटी त्या घरी आल्या. तरुण होत्या, सावकाश बोलायच्या. पिशवीतून चित्रांचे पत्ते काढून त्यांनी टेबलावर मांडले. फोनवर एकेक आवाज लावायचा आणि त्याने चित्राला हात लावायचा. कुत्रा भुंकला, त्याने कुत्र्याला हात लावला. नळ वाहिला, नळ. दाराची कडी, मोटार, खोकणारा माणूस. एकही चुकला नाही. ती बाजूला उभी राहून मुलाच्या परीक्षेला आलेल्या आईसारखी खूश होत होती.

थेरपिस्ट बाईंनी भिंतीकडे बघितलं. "अरे वा, काकांना संगीताची आवड दिसते. मग हे सोपंच आहे." त्यांनी बासरी लावली. पत्त्यांत बासरी होती, व्हायोलिन होतं, गाणारी बाई होती.

त्याचा हात त्या तिन्ही चित्रांवरून पुढे गेला. तो शोधत राहिला. मग त्याने फळीवरून कोसळणाऱ्या भांड्यांच्या चित्रावर बोट ठेवलं.

"चुकून लागला हात," ती म्हणाली.

बाईंनी व्हायोलिन लावलं. त्याने भिंतीला भोक पाडणाऱ्या ड्रिलचं चित्र उचललं आणि बाईंच्या हातातच दिलं.

बाई त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून म्हणाल्या, "काका, गाणं लागलं की तुम्हाला हे असं ऐकू येतं?"

त्याने तळहात त्या चित्रावर आपटला. पुन्हा आपटला. "बरं! बरं! बरं!" आणि बाईंकडे नाही, बायकोकडे बघितलं.

बाई सांगत होत्या, की मेंदूत सुरांची जुळणी करणारी जागा असते, ती गेली तर आवाज आत जातात पण त्यांचं गाणं होत नाही. एखाद्याला तो नुसता गोंगाट वाटतो, एखाद्याला सहनच होत नाही. उजवीकडचा डाग आहे ना, त्यामुळे असेल.

"फाइल कुठलीही लावली तरी?" तिने विचारलं.

"फाइल?" बाईंना कळलं नाही. "तुम्ही काही लावत होता का यांना?"

"रोज."

बाईंनी पत्ते गोळा करून पिशवीत ठेवले. त्या गेल्यावर ती त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. पुष्कळ बोलायचं होतं, पण "मला काय माहीत हो," एवढंच पुन्हा पुन्हा तोंडातून आलं. तो दमला होता. खुर्चीत बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला.

टेपवाल्याने ते मानलं नाही. "कानसेनाला गाणं कळत नाही? मासा कधी पाण्यात बुडतो का, वहिनी? त्या पोरीला काय कळतंय!" तो एक खास जपून ठेवलेली सीडी घेऊन आला होता, एकदाच लावून बघू म्हणत होता. ती दारातच उभी राहिली. त्यानंतर तो दोनचारदा आला, टोपी फिरवत बसला, हवापाण्याचं बोलला आणि मग यायचा थांबला. एवढ्या वर्षांत ते दोघं मित्र एकमेकांशी असे बोललेच नव्हते. मध्ये कायम काहीतरी वाजत असायचं.

घर तिने मुकं करून टाकलं. दाराची सुरेल बेल काढून टर्र वाजणारी बसवली. फोनची धून बंद केली. टीव्हीवर बातम्या सुरू होताना संगीत वाजतं, तेवढ्यापुरता आवाज बंद करायला ती रिमोट हातात धरून बसायची. वरच्या मजल्यावरचा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी गाणी लावायचा. ती जिना चढून त्याला सांगायला गेली.

"काकू," तो म्हणाला, "गेलं वर्षभर तुम्हीच तर रोज संध्याकाळपर्यंत लावत होतात. आम्ही कधी काही म्हटलं?"

तिने हात जोडले आणि खाली आली. त्याने आवाज कमी केला, हे त्याचे उपकार.

पण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. फाइल नीट उतरली की नाही हे बघायला तिला प्रत्येक सीडी थोडी थोडी ऐकावी लागायची, आणि त्यातल्या एका जाड आवाजाच्या गायिकेने तिला धरून ठेवलं होतं. ती बाई दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायची तो ऐकू यायचा, ओठ उघडल्याचा बारीक आवाजसुद्धा. जुन्या एमपीथ्रीत तो होता की नव्हता, तिला सांगता आलं नसतं. पण तिला ते ऐकल्यावाचून चैन पडेना. उभा जन्म जिला सवत म्हणून हिणवलं तिच्यावरच आपला जीव जडावा, आणि ज्याने घरात आणली त्याला ती नकोशी व्हावी, याची तिला लाज वाटायची. दुपारी तो झोपला की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, भाजी निवडायला घ्यायची आणि ते मोठे हेडफोन कानांवर चढवायची. बाहेर काही जात नव्हतं. त्याला त्रास नव्हता.

एका दुपारी गाणं संपलं, तिने हेडफोन काढले आणि तिला "बरं" ऐकू आलं. आवाज बाथरूमकडून येत होता, बारीक, दमलेला. भिंतीला धरत एकटाच तिथवर गेलेला तो दाराशी फरशीवर पडला होता. पाय वेडावाकडा दुमडला होता, खालची फरशी ओली होती. तो बराच वेळ हाक मारत असावा, कारण घसा बसला होता. आणि हाक मारायला त्याच्याकडे शब्द तेवढा एकच.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण तो अंथरुणातून उठला नाही. छातीत कफ भरला. लेक आली. हॉस्पिटलच्या बाकावर तिने आईचा हात हातात घेतला.

"आई, तू कुठे होतीस तेव्हा?"

"स्वयंपाकघरात."

"हाक ऐकू नाही आली?"

"नाही."

"कशी येणार," लेक म्हणाली. "बाबांचा आवाज तरी कुठे राहिला होता." आणि तिनेच आईला जवळ घेतलं. सांगायची वेळ तीच होती. तिने तोंड उघडलंसुद्धा, पण तेवढ्यात नर्सने औषधाची चिठ्ठी आणून दिली, लेक उठून गेली, आणि ते तसंच राहून गेलं.

तो पहाट व्हायच्या सुमारास गेला, झोपेत. शेवटचे काही दिवस तर "बरं"सुद्धा म्हणत नव्हता.

नंतर टेपवाला आला. जिना चढून धाप लागली होती, म्हातारा दिसत होता. तो खूप रडला. तिने त्याला भिंतीवरच्या सगळ्या सीडी देऊन टाकल्या. खोकी बांधताना तो म्हणाला, "आणि तुम्ही उतरवलेलं?"

"ते राहू दे माझ्याकडे."

"ऐकता?"

"कधीतरी."

"ऐका, वहिनी. एवढी मेहनत घेतलीत. त्याचे ते हेडफोन आहेत ना, ते लावून ऐका, त्याशिवाय मजा नाही."

ती हो म्हणाली. हेडफोन तिने कपाटात वर टाकून ठेवले आहेत. दुकानात जाणं अजून चालू आहे. मालक म्हणतो, तुमच्यासारखी कड कुणाला घासता येत नाही. संध्याकाळी घरी आली की आठवड्यातून एखाद्या वेळी ती आतल्या खोलीतला एकच स्पीकर लावते, अगदी हळू, मधलं दार सताड उघडं ठेवून. गायिका सुरू होते. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं, नळ टपकला, शेजारी कुणी कुणाला हाक मारली, की ती उठते, गाणं थांबवते आणि बाहेर जाऊन बघून येते. एक गाणं पूर्ण व्हायला कधी कधी सबंध संध्याकाळ लागते.